नऊ भोपळे

१२ जानेवारी

डायरी लिहायची सवय मला नाही. लिहिली असती तर हिने लाल पेन्सिल घेऊन तपासली असती. ही छापखान्यात प्रुफं तपासायची आणि घरातही तीच नजर. साखरपुड्यानंतर मी पाठवलेलं पहिलं पत्र हिने ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत केलं होतं. त्यानंतर मी किराणा मालाच्या चिठ्ठीखेरीज काही लिहिलं नाही. आता हिच्या उजव्या हातात पेन्सिल नीट राहत नाही, म्हणून माझी हिंमत झाली. हे वाक्य लिहून मलाच कसंतरी झालं, पण खोडत नाही. इथे तरी खरं लिहायचं.

हिच्या मेंदूत डावीकडे, पुढच्या बाजूला गाठ होती. ऑपरेशन करून निघाली तेवढी काढली, मग किरणं दिली, आता गोळ्या चालू आहेत. गाठ चांगल्या जातीची नाही, ती परत येते, हे मोठ्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. कधी येते ते मात्र कोणी सांगत नाही.

आज एक वेगळीच तपासणी झाली. त्यासाठी वेगळ्या डॉक्टरबाई आहेत. वय आमच्या लेकीएवढंच, केसांत पेन्सिल खोचलेली. खोलीत जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवली आहे, तिच्यावरून सरळ चालायचं. मग हातांतला जोर, नाकाला बोट लावणं, स्पर्श कळतो का, कडेचं दिसतं का, हसताना तोंड एका बाजूला जातं का, शुद्ध कशी आहे. बोलणं तपासायला एका ट्रेमधल्या वस्तूंची नावं सांगायची आणि एक वाक्य ऐकून परत म्हणायचं. आणि शेवटी घरच्या माणसाला प्रश्न, की वागण्यात काही बदल आहे का. अशा नऊ गोष्टी.

"यात शून्य म्हणजे उत्तम," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आकडा जितका वाढेल तितकं वाईट."

"म्हणजे भोपळा मिळवायचा," ही म्हणाली. "आमच्या मास्तरांना विचारा कसा मिळवायचा ते. शाळेत त्यांनी बरेच गोळा केलेत."

मी गाडी चालवायला शिकवतो, म्हणून ही मला मास्तर म्हणते. त्यात आदर कधीच नव्हता.

आठ भोपळे मिळाले आणि हाताच्या जोराला एक मार्क. हिला बाहेर बसवून मी परत आत गेलो आणि विचारलं, या आकड्यावरून नक्की कळतं काय.

"काका, आम्ही बऱ्याच पेशंटचे आकडे जमवतोय," त्या म्हणाल्या. "ज्यांचा आकडा कमी राहतो ती माणसं जास्त दिवस काढतात, असं दिसतंय. आणि आकडा चढायला लागला की पुढचं आधी कळतं. कधीकधी स्कॅनच्याही आधी."

पुढचं म्हणजे काय ते मी विचारलं नाही. खुर्चीत बसल्याबसल्या माझा पाय खाली दाबला गेला. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो, त्या सवयीने. तिथे ब्रेक नव्हता, फरशी होती.

१४ जानेवारी

झोप आली नाही, पण विचार मात्र सरळ झाला. आकडा कमी तर माणूस जास्त दिवस काढतो. मग आकडा कमी ठेवायचा. यात अवघड काय आहे?

माझ्याकडे शिकलेला माणूस पहिल्या फटक्यात लायसन्स घेऊन येतो. त्याला गाडी फार चांगली येते असं नाही. परीक्षेला काय विचारतात ते मला तोंडपाठ आहे, एवढंच. इन्स्पेक्टर कुठल्या वळणावर आरशाकडे बघतो, चढावर कुठे थांबायला लावतो, सगळं मी आधीच घोटून घेतो. लोक मला हसतात, पण पेढे मलाच आणून देतात.

आज दुकानातून पिवळी पट्टी आणून बोळात चिकटवली. ट्रेमध्ये पेन, घड्याळ आणि किल्ली होती, त्या वस्तू घरात आहेतच. वाक्य होतं, "उद्या बाजार उघडेल की नाही ते कोणालाच माहीत नाही." तेही मला पाठ आहे.

हिने पट्टीकडे बघितलं आणि म्हणाली, "हे काय, घरातल्या घरात सिग्नल पण लावणार का?"

मी सांगितलं, सराव केला की मार्क चांगले पडतील.

"मार्क पडून काय होणार आहे?"

"जास्त दिवस राहशील."

मी असं धाडकन बोलायला नको होतं. हिने पट्टीकडे पुन्हा एकदा बघितलं. मग चपला काढून पट्टीवर उभी राहिली आणि म्हणाली, "चला मास्तर, करा गाडी सुरू."

२७ जानेवारी

सकाळी पट्टी, मग नाक-बोट. दुपारी मी वर्गावरून आलो की वस्तू. ही कंटाळते, टोमणे मारते, पण करते. आज म्हणाली, "तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी अजून किती वेळा ही किल्ली ओळखू?" मी म्हटलं, शंभर वेळा. वाईट वाटलं तरी सोडून दिलं. शिकणारा कुरकुरतोच.

मुंगीचा फोन आला होता. मुंगी म्हणजे आमची लेक. ती लांब, परदेशात शिकवते. फोन नेहमी मलाच करते. चार वर्षांपूर्वी तिचं लग्न मोडलं तेव्हा ही तिला म्हणाली होती, "तुझ्यात चिकाटीच नाही. काहीच धरून ठेवता येत नाही तुला." त्या दिवसापासून दोघी माझ्यामार्फत बोलतात. 'आईला सांग' आणि 'तिला सांगा' यांच्या मधला मी टपाल खात्याचा माणूस.

मुंगीला मोठी रजा वर्षातून एकदाच मिळते. ती म्हणाली, "बाबा, तू सांगशील तेव्हा येते. पण नीट विचार करून सांग, कारण एकदाच येता येईल. आणि या वेळी मला तिच्याशी बोलायचंय. तिने मला तसं का म्हटलं ते समोर बसून विचारायचंय."

मी म्हटलं, पुढची तपासणी होऊ दे, मग सांगतो.

९ फेब्रुवारी

नऊच्या नऊ भोपळे.

हिने हातसुद्धा असा दाबला की डॉक्टरबाई म्हणाल्या, "अरे वा, मागच्यापेक्षा छान." वस्तूंना तर हिने ट्रे पुढे येताच धडाधड नावं दिली. वागण्याबद्दल विचारलं तेव्हा मी म्हटलं, काही बदल नाही, जीभ आहे तशी आहे. सगळे हसले.

संध्याकाळी मुंगीला सांगितलं. तिचा आवाज एकदम मोकळा झाला. म्हणाली, "मग आत्ता मध्येच वर्ग सोडून येत नाही. जूनमध्ये परीक्षा संपल्या की येते, म्हणजे महिनाभर राहता येईल. चालेल ना?"

मी म्हटलं, पळेल.

बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

२१ फेब्रुवारी

आज एक गंमत झाली. हिला फिरवायला गाडीतून नेलं होतं. दुसऱ्या सिग्नलला एक सायकलवाला आहे. त्याच्या पाटीवर 'सायकल दुरूस्ती' असं लिहिलंय. त्यातला 'रू' दीर्घ काढलाय, तो ऱ्हस्व हवा, आणि तिथे थांबलो की ही दर वेळी म्हणते, "आधी पाटी दुरुस्त करा म्हणावं." इतकी वर्षं ऐकून माझे कान किटले होते. आज सिग्नल लाल होता, ही पाटीकडेच बघत होती, पण काही बोलली नाही. उलट माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "किती छान चालवता हो तुम्ही गाडी."

माझी गाडी बंद पडली. मागच्याने हॉर्न वाजवला तरी कळलं नाही. माझ्या ड्रायव्हिंगबद्दल हिने आजवर फक्त एकच चांगली गोष्ट सांगितली होती, ती म्हणजे मी झोपलेलो असताना गाडी चालवत नाही.

आजारपण माणसाला शहाणं करतं म्हणतात. मला इतकं बरं वाटलं की ते लिहायलाही संकोच वाटतोय. घरी आल्यावरही ही माझ्याजवळ बसून राहिली. टीव्हीवर जे लावलं ते बघितलं.

२ मार्च

मेव्हणी येऊन गेली. हिच्यापेक्षा धाकटी, हिचा ओरडा खात वाढलेली. दोघी दुपारभर बसल्या होत्या. निघताना स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "भावजी, ताई अशी नव्हती."

"कशी?"

"मी मुद्दाम म्हटलं, मी घर विकून भाड्याने राहणार आहे. एरवी तिने मला उभी-आडवी घेतली असती. आज म्हणाली, छान, तुला हवं ते कर."

"मग चांगलंच आहे की."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला रागच आला. माणूस जरा गोड बोलायला लागलं तर त्यातही यांना खोट दिसते. तिला म्हटलं, तुला शिव्या खायची सवय लागलीय, त्याला ताईने काय करायचं. ती चपला घालून गेली.

खरं सांगायचं तर रात्री मलाही पाटी आठवली. मग मनाला म्हटलं, भोपळे खोटं बोलत नाहीत.

९ मार्च

तपासणी. पट्टीवर ही थोडी उजवीकडे झुकली, पण मी दारातून मान हलवली आणि हिने पाय सावरला. वस्तू बरोबर, वाक्य बरोबर.

"काका, वागण्यात काही?"

"उलट सुधारलंय," मी म्हणालो.

डॉक्टरबाईंनी पेन्सिल थांबवली. "सुधारलंय म्हणजे?"

त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जसा मी आरशात न बघता लेन बदलणाऱ्याकडे बघतो. पाय आपोआप फरशीवर दाबला गेला. मी म्हटलं, "गंमत केली हो. आहे तशीच आहे." ही माझ्याकडे बघून हसत होती, अगदी प्रेमाने. डॉक्टरबाईंनी शून्य लिहिलं.

नंतर मोठे डॉक्टर म्हणाले, नवीन स्कॅनमध्ये जुन्या जागेशेजारी काहीतरी पुसट दिसतंय. ते किरणांमुळेही असू शकतं किंवा गाठही असू शकते. "पण यांचं काम इतकं चांगलं चाललंय की औषध बदलायची घाई करत नाही. महिनाभर बघू."

म्हणजे सरावाचा फायदाच झाला, असं मी स्वतःला येताना सारखं सांगत होतो. औषध बदललं नाही म्हणजे बरंच आहे की. मग हात घामाने स्टिअरिंगवर का घसरत होते कोण जाणे.

१९ मार्च

हिने सकाळी चहात साखर ढवळायला "किल्ली द्या" म्हटलं. मी चमचा दिला. ही "थँक्यू" म्हणाली. हिने मला आयुष्यात कधी थँक्यू म्हटलं नव्हतं.

सराव वाढवलाय. पेन, घड्याळ, किल्ली. पेन, घड्याळ, किल्ली. ही न कंटाळता म्हणते, टोमणाही मारत नाही. पूर्वी मी चुकलो की सराव थांबायचा आणि माझीच शिकवणी सुरू व्हायची.

माझ्याकडे सध्या बँकेत काम करणाऱ्या एक बाई शिकतात. आज त्या क्लच सोडताना गडबडल्या, तर मी भर रस्त्यात त्यांच्यावर ओरडलो. त्या गाडी कडेला घेऊन म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही शिकवताय की घाबरवताय?" माफी मागितली. दुपारची शिकवणी रद्द केली आणि गाडीतच बसून राहिलो.

मुंगीने विचारलं तेव्हा सांगितलं, भोपळे आहेत. ते खोटं नव्हतं.

६ एप्रिल

आज जे झालं ते सगळं लिहितो.

ट्रे आला. या वेळी त्यात घड्याळ आधी होतं, मग किल्ली, मग कंगवा. डॉक्टरबाईंनी घड्याळ उचललं. ही म्हणाली, "पेन." त्यांनी किल्ली उचलली. ही म्हणाली, "घड्याळ." कंगवा उचलला. "किल्ली." अगदी आत्मविश्वासाने, मी घोटून घेतलं होतं त्याच चालीवर. मग माझ्याकडे बघितलं, बरोबर आलं ना म्हणून.

डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "आता मी एक वाक्य सांगते..." त्यांनी सांगायच्या आत हिने म्हटलं, "उद्या बाजार उघडेल की नाही ते कोणालाच माहीत नाही."

डॉक्टरबाईंनी नर्सला सांगून हिला वजन करायला पाठवलं आणि दार लावलं.

"काका, घरी सराव घेता का?"

मी हो म्हटलं. कधीपासून, तेही सांगितलं. पट्टीचंही सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी रागावत नाहीये," त्या म्हणाल्या. "पण ही परीक्षा त्यांची नव्हतीच. माझी होती. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला वेळेवर ओळखता येतं का, याची. तुम्ही मला नापास केलंत."

मी गाडीचा माणूस. मला ते तिथेच कळलं. टाकीचा काटा हाताने वर धरून ठेवला म्हणून पेट्रोल वाढत नाही. मी तीन महिने काटा धरून बसलो होतो आणि वर सगळ्यांना सांगत होतो की टाकी भरलेली आहे.

"मागच्या महिन्यात औषध बदललं असतं तर फरक पडला असता?"

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "कदाचित नसताही पडला. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी नक्की नाही असं म्हणणार नाही."

मग त्यांनी पेन्सिल पुन्हा हातात घेतली. "आता मला वागण्याचं खरं सांगा."

मी सांगितलं. म्हटलं, ही भांडायची. चूक दिसली की हिला राहवायचं नाही, मग ती पाटीवरची असो की माझी. इतक्या वर्षांत हिने माझं कधी तोंडावर कौतुक केलं नाही, आता रोज करते. कोणी काही म्हटलं की हो म्हणते. फेब्रुवारीपासून. आणि मला ते आवडत होतं, डॉक्टर. मला वाटलं, शेवटी हिला माझी किंमत कळली.

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि कागदावर दोनचा आकडा लिहिला. बाकीच्या गोष्टीही त्यांनी नव्याने तपासल्या, मला बाहेर ठेवून. मला परत आत बोलावलं तेव्हा एकूण आठ झाले होते.

"किती दिवस?" मी विचारलं.

"एक-दोन महिने असतील. पण बोलणं त्याच्या बरंच आधी जाईल. कोणाला भेटायचं, काही सांगायचं असेल तर थांबू नका."

घरी येऊन पहिल्यांदा पट्टी काढली. ती जमिनीला घट्ट चिकटली होती, नखांनी खरवडावी लागली. मग मुंगीला फोन लावला.

"जूनमध्ये नको. आत्ता ये."

"का? काय झालं? तू तर म्हणालास सगळे शून्य आहेत."

"मी पेपर फोडला होता, मुंगे."

तिला आधी समजेना. समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तिकीट बघते," आणि तिनेच फोन ठेवला.

११ एप्रिल

मुंगी आली. हिने दारातच ओळखलं. "आली माझी मुंगी," म्हणून गालावरून हात फिरवला. मुंगी बॅग हातात तशीच धरून रडायला लागली. ही तिला म्हणत राहिली, "छान, छान."

जेवणानंतर मुंगी हिच्यासमोर खुर्ची ओढून बसली. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं.

"आई, मला एक विचारायचंय. तू मला त्या वेळी तसं का म्हणालीस?"

"हो बाळा. तुझंच बरोबर."

"पण मी कशाबद्दल बोलतेय?"

"सगळंच," ही म्हणाली आणि हसली. "सगळंच तुझं बरोबर."

मुंगी उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागे गेलो. ती ओट्याला टेकून उभी होती.

"बाबा, मी तिच्याशी भांडायला आले होते. मनात सगळी तयारी करून आले होते. ती परत तेच म्हणाली असती तरी चाललं असतं. मी म्हटलं असतं, तू चुकतेयस, आणि आम्ही दोघी ओरडून मोकळ्या झालो असतो. पण ती हो म्हणते. तू विचारलंस तरी हो म्हणेल, वॉचमनने विचारलं तरी हो म्हणेल. त्या 'हो'चं मी काय करू?"

मी उगाच ओट्यावरचं भांडं उचलून जागेवर ठेवलं.

"मी फेब्रुवारीत आले असते तर?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. पण मी म्हटलं, "तर भांडली असती."

मुंगी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तिला तो हक्क आहे. संध्याकाळी दोन्ही ताटं मीच वाढली आणि मी नंतर एकटा जेवलो.

१६ एप्रिल

नवीन औषध सुरू आहे. त्याने चालणं जरा सुधारलं, शब्द नाही सुधारले. आता एकेक शब्द येतो, कधी तोही येत नाही. मुंगी हिची वेणी घालते, पाय चेपते. माझ्याशी कामापुरतं बोलते. काल मात्र औषधाची वेळ झाली तेव्हा म्हणाली, "बाबा, तू झोप थोडा, मी आहे." मी जाऊन पडलो. झोप लागली.

मेव्हणीला फोन करून मी म्हटलं, तुला कळलं होतं, मला कळलं नाही. ती म्हणाली, "तुम्हाला कळलं होतं भावजी." मी त्यावर वाद घातला नाही.

२४ एप्रिल

आज दुपारी ही खिडकीजवळ बसली होती. मुंगी आंघोळ करून आली तर ही तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघायला लागली. भीती नव्हती नजरेत, नुसतं कुतूहल. मुंगी घाबरली. हिच्या गुडघ्यांपाशी बसून म्हणायला लागली, "आई, मी कोण? सांग ना. मी कोण आहे?"

ही तिच्या ओल्या केसांकडे बघत राहिली.

"आई, बघ माझ्याकडे. मी कोण? मु... सांग, मु..."

हिने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखतो. इन्स्पेक्टरने प्रश्न विचारला की शिकाऊ माणूस मास्तरकडे तसा बघतो, ओठ हलतील म्हणून. मी सांगितलं असतं तर हिने म्हटलं असतं, आणि मुंगीला बरं वाटलं असतं. माझे ओठ उघडलेही होते.

मी म्हटलं, "मुंगे, तिची परीक्षा घेऊ नकोस. तू कोण ते तूच सांग."

मुंगी माझ्याकडे बघत राहिली. मग तिथेच जमिनीवर मांडी घालून बसली आणि हिचा हात हातात घेऊन सांगायला लागली. "मी तुझी मुलगी. लहानपणी बारकी होते म्हणून तू मला मुंगी म्हणायचीस. मी पाच वर्षांची असताना तू मला छापखान्यात न्यायचीस आणि शाईच्या वासाने मला शिंका यायच्या." ही मन लावून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "मग?"

मुंगी सांगत गेली. शाळा, पहिली नोकरी, लग्न. मला वाटलं पुढचं ती गाळेल. तिने गाळलं नाही. "मग माझं लग्न मोडलं. मी घरी आले, खूप थकले होते. तेव्हा मला एक बाई म्हणाली, तुझ्यात चिकाटीच नाही. तुला काहीच धरून ठेवता येत नाही."

हिच्या कपाळावर आठी पडली. किती दिवसांत ती मी बघितली नव्हती. ही मुंगीकडे बघत राहिली, शब्द शोधत राहिली, ओठ दोनदा मिटले आणि उघडले. या दोन महिन्यांत हिने कोणालाही, कशालाही नाही म्हटलं नव्हतं.

"चूक," ही म्हणाली.

मुंगीने हिचा हात घट्ट धरला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. खात्री करून घ्यायला ती पुन्हा विचारेल असं मला वाटलं, कोण चुकलं, काय चूक, आई, परत सांग.

तिने पुन्हा विचारलं नाही. ही म्हणाली, "मग?" आणि मुंगी पुढचं सांगायला लागली.